मदत हवी आहे: मोटर बसवलेल्या फोकसरच्या बॅकलॅशचा आकडा स्थिर येत नाही

नमस्कार. फोकसर म्हणजे दुर्बिणीची फोकस साधण्यासाठी आत-बाहेर सरकणारी नळी, आणि बॅकलॅश म्हणजे दिशा उलटवल्यावर नळी हलण्याआधी मोटरची वाया जाणारी चाल. माझ्याकडे ८० मिमी व्यासाची, एफ/६ ची (नाभीय अंतर व्यासाच्या सहापट) अपवर्तक दुर्बीण असून तिच्या क्रेफर्ड प्रकारच्या फोकसरच्या दांड्याला मी २८बीवायजे-४८ ही पाच व्होल्टची स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी) कपलरने जोडली आहे. हाफ-स्टेपने (अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने) मोटरच्या एका फेऱ्याला सुमारे ४०९६ स्टेप लागतात आणि तेवढ्यात फोकसरची नळी १८.५ मिमी सरकते, हे व्हर्निअरने तीनदा मोजले. म्हणजे एका स्टेपला साधारण साडेचार मायक्रॉन. एफ/६ ला फोकस चालून जाण्याची पट्टी हिरव्या प्रकाशात सुमारे ९७ मायक्रॉन, अर्थात एकवीसेक स्टेपची आहे, तेव्हा मोटरची चाल पुरेशी बारीक आहे.

रोहिणी पूर्वेला तीस अंशांवर असताना बाह्टिनोव्ह मास्क (फोकस अचूक दाखवणारी, दुर्बिणीच्या तोंडावरची खाचांची जाळी) लावून एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत येत फोकस साधला, तर दोन वाचनांत ७० स्टेपचा फरक पडतो आणि तो दर वेळी तेवढाच असतो. तीच रोहिणी माथ्यावर आल्यावर मात्र फरक कधी ११०, तर कधी १६० येतो. थंडीने दुर्बिणीची मुख्य नळी आकसली म्हणावे, तर ॲल्युमिनिअमच्या ४८० मिमी लांबीला अंशामागे ११ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अडीच स्टेप होतात, आणि त्या रात्री पारा चारच अंश उतरला होता. मग सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश म्हणून ७० भरावेत, १६० भरावेत की सरासरी घ्यावी?

प्रतिसाद:
सरासरी मुळीच घेऊ नका. दुर्बीण माथ्याकडे रोखली की कॅमेऱ्याच्या वजनाने मोटरमधल्या गिअरचे दाते एकाच बाजूला दाबलेले राहतात, त्यामुळे खरा बॅकलॅश तिथे कमी व्हायला हवा. तुमचा वाढतो आहे, याचा अर्थ फोकसरची नळी घसरत असावी. क्रेफर्डमध्ये दांडा नळीला दात्यांनी नव्हे, निव्वळ घर्षणाने ओढतो. खात्रीसाठी दुर्बीण माथ्यावर ठेवून १००० स्टेप बाहेर व १००० आत अशा दहा फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीनंतर व्हर्निअर लावा: बॅकलॅश असेल तर नळी त्याच जागी परतेल, घसरण असेल तर फेरीगणिक थोडी बाहेर राहत जाईल. तसे दिसल्यास ताणाचा स्क्रू आवळा, पण इतका नको की ही अशक्त मोटर स्टेप चुकवू लागेल (कपलरचे ग्रबस्क्रू, म्हणजे दांडा पकडणारे छोटे स्क्रूही तपासा, बहुतेकांचे तिथेच ढिले असतात). त्यानंतर बॅकलॅश नव्याने मोजा आणि ओव्हरशूट पद्धत (ठिकाणाच्या थोडे पुढे जाऊन मागे येण्याची) निवडून शेवटची चाल नेहमी आत, म्हणजे वजन उचलण्याच्या दिशेने ठेवा. या पद्धतीत आकडा थोडा मोठा भरला तरी बिघडत नाही, कमी मात्र पडता कामा नये.