क्लिपमध्ये आपलं गेट दिसतंय!

ए-२०४ काका: नमस्कार. काल सूनबाईंनी कचरावेचक मावशींच्या फिल्मची क्लिप दाखवली. त्यात आपलं गेट, वॉचमनची खुर्ची, बी विंगचे डबे, सगळं स्वच्छ दिसतंय. कमिटीची परवानगी होती का? नसल्यास क्लिप त्वरित काढावी 🙏

सी-१०१ काकू: डबे स्वच्छ दिसतायत? मग आपले नसतील 😄

ए-२०४ काका: वहिनी, विषय गंभीर आहे.

सेक्रेटरी: काका, डिसेंबरच्या मीटिंगमध्ये विषय झालाय. मिनिट्समध्ये आहे. आपण नव्हता.

ए-२०४ काका: कसा असेन? आमच्याकडे लग्न, आणि मीटिंग दुसऱ्याच दिवशी. योगायोग म्हणायचा!

बी-५०३: लिफ्टचं काय झालं?

ए-३०१: कॉर्पोरेशनचा पगार घ्यायचा आणि वर फिल्मा काढायच्या. मजा आहे.

सी-१०१ काकू: पगार कुठला हो? 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. पुणे महापालिकेशी करार झाला २००८ साली. आपण घरटी देतो ते आणि सुका कचरा विकून येईल ते, एवढंच त्यांचं. त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना तर १९९३ पासूनची, बाबा आढावांच्या पुढाकारातली. घरटीचे पैसे कोणाकडे दोन-दोन महिने थकतात ते ग्रुपवर लिहीत नाही.

ए-३०१: रोख कळला. गूगल पे केलंय, बघून घ्या.

ए-२०४ काका: मूळ मुद्दा भरकटतोय. क्लिप आधी कमिटीला दाखवायला हवी होती.

सी-३०२ (फिल्मवाली): काका, मी सांगते. ही माझ्या एकटीची फिल्म नाही. गटातल्या सात मावशी आणि आम्ही दोघं. शूटिंग बहुतेक त्यांनीच केलंय, स्वतःच्या मोबाइलवर. सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून काय घ्यायचं ते चित्रं काढून ठरवलं. पहिलं एडिटिंग त्यांच्या कचरा निवडायच्या शेडवर चादर बांधून त्यांनाच दाखवलं. मी रडकं म्युझिक टाकलं होतं. "कोण मेलंय का?" म्हणाल्या. काढलं.

सी-१०१ काकू: 😂😂 बरोबर आहे त्यांचं

सी-३०२ (फिल्मवाली): एका मावशींनी डबा खातानाचा सीन काढायला लावला. ढिगाशेजारी बसून जेवताना गावाकडच्या सोयऱ्यांनी बघू नये म्हणून. माझा सगळ्यात आवडता शॉट होता तो. दोन दिवस भांडले, मग काढला.

ए-३०१: आणि आमचे डायपर मात्र ठेवले!

सी-३०२ (फिल्मवाली): कागदात गुंडाळून वर ओळखीसाठी लाल ठिपका दिला असता तर फिल्ममध्ये आले नसते काका. सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून द्यायचा, हा नियम २०१६ पासून आहे.

ए-३०१: आता लहान मुलांनी आम्हाला शिकवायचं.

बी-५०३: लिफ्टचं काय झालं? आई दोन दिवस वरच अडकलीये.

सेक्रेटरी: माणूस शनिवारी येतोय म्हणालाय.

बी-५०३: मागच्या शनिवारीही हेच म्हणाला होता.

ए-२०४ काका: पुन्हा सांगतो. क्लिप आधी कमिटीला दाखवायला हवी होती. गेटचा भाग काढावा.

सी-३०२ (फिल्मवाली): काका, सकाळी मावशींना विचारलं. जसंच्या तसं लिहिते: "आमची थोबाडं दिसली तर चालतंय, अन् काकांची पिशवी दिसली की नको व्हय?" शनिवारी सहाला शेडवर नवीन कट दाखवतोय. तुम्ही या, हरकत त्यांच्यासमोरच सांगा. काढायचं की ठेवायचं ते त्या सात जणी बोलून ठरवतील.

ए-२०४ काका: पिशवी? कसली पिशवी?

सी-१०१ काकू: झूम करा ना भाऊजी. लाल पिशवी, सोनेरी 'शुभविवाह' आणि खाली दोन नावं. आम्हालाही मिळाली होती, चिवडा-लाडू घालून. फुटका ग्लास बाहेर आलाय त्यातून, आणि मावशी बोट चोखतायत.

ए-२०४ काका: हा मेसेज डिलीट करण्यात आला

ए-३०१: डिलीट केलात तरी वाचला 😄

ए-२०४ सूनबाई: ग्लास माझ्या हातून फुटला होता. घाईत तसाच पिशवीत टाकला. क्लिप बघितली तेव्हाच ओळखलं, पण बाबांना सांगायला जीभ रेटेना. मावशी, सॉरी. त्या ग्रुपवर नाहीत ना? मी भेटून सांगते.

सी-१०१ काकू: काच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी हातात द्यायची गं. होतं असं.

ए-२०४ काका: सहा म्हणजे नक्की सहा की सात? माझी गोळी साडेसातला असते.

सी-३०२ (फिल्मवाली): सहाच, काका. खुर्ची ठेवते.

बी-५०३: आणि लिफ्टवाला किती वाजता?