आठवण गेली म्हणजे माणूस गेला?

आठवणी पुसल्या की माणूस ‘तो’ उरत नाही, हे मत मला पटत नाही. हा विचार मूळचा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा. १६९४ मध्ये त्याने माणसाची ओळख आत्म्याऐवजी जाणिवेशी, म्हणजे ‘हे मीच केलं’ या आठवणीशी जोडली, आणि त्या काळात ते धाडसच होतं. पण १७८५ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ टॉमस रीडने एका उदाहरणातून त्यातली फट दाखवली. म्हाताऱ्या सेनापतीला तरुणपणचा पराक्रम आठवतो, त्या तरुणाला लहानपणी खाल्लेले फटके आठवत होते. सेनापतीला मात्र फटके आठवत नाहीत. मग तो तोच मुलगा की दुसरा कोणी?

मला जवळचा वाटतो तो बौद्ध भिक्षू नागसेन. मिलिंद राजाला तो म्हणतो, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नाही, पण वेगळीही नाही.

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते. तीन वर्षं झाली, ती मला ओळखत नाही, बाबांच्या नावाने हाक मारते. पण तांदूळ निवडायला दिले की एक खडा सुटत नाही, आणि मी निघालो की विचारते, “जेवलास का रे?” ती आत्याच आहे.