मदत हवी आहे : वसंतात रानशेळ्यांच्या मोजणीला जायचंय, तयारी काय करू?

गिरिजा_प
बर्फ वितळू लागलं की रानशेळ्या-रानमेंढ्यांची मोजणी करणाऱ्या पथकात मदतनीस म्हणून जायचं आहे. मुक्काम ३५०० मीटरच्या आसपास. चालायची सवय आहे, नोंदींचं काम नवीन. कॅमेऱ्याची मोठी लेन्स घ्यावी की दुर्बीण? आणि एकाच वाटेने दोन निरीक्षक मागेपुढे का पाठवतात?

रानवाटा
लेन्स घरी ठेवा. ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण पुरे (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). पथकाचा स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एका डोळ्याची जास्त ताकदीची दुर्बीण) असेल, तर दुपारी जमीन तापल्यावर ६० पट करून उपयोग नाही. हवा थरथरते, शिंगं दिसत नाहीत. २०-२५ पटीवर आणा.

दोघं तोच टापू साधारण १५ मिनिटांच्या अंतराने स्वतंत्रपणे बघतात. किती कळप दोघांनाही दिसले आणि किती एकालाच, यावरून दोघांच्या नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज काढतात. म्हणून एकमेकांना खुणा करायच्या नाहीत. नवखे उत्साहाच्या भरात नेमकं हेच करतात आणि आकडे वाया जातात. अंतर फार वाढलं तर कळप सरकतात, मग नोंदी जुळत नाहीत. वेळ, जागा, संख्या, नर-मादी-पिल्लं तिथल्या तिथे लिहा, तेही पेन्सिलीने. थंडीत बॉलपेन अडतं.

डोंगरमाथा
वर्षभराचा नर आणि मोठी मादी लांबून सारखीच वाटतात. शंका असेल तर ‘अनिश्चित’ लिहा. रकाना रिकामा दिसतो म्हणून भरू नका. या दिवसांत हिवाळी केस झडतात, जनावर खरूज झाल्यासारखं दिसतं. कातडीवर जाड खपल्या नसतील तर आजार नोंदवू नका.

व्यायला आलेली मादी कड्याकपारीत एकटी जाते. ती मान ताठ करून बघू लागली की मागे फिरा. एकटं पडलेलं पिल्लू बहुतेकदा टाकलेलं नसतं, हात लावू नका.

गिरिजा_प
धन्यवाद! उंची आणि ओढ्यांचं काय?

रानवाटा
३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका. दर ३-४ दिवसांनी एक दिवस विश्रांती. डोकं दुखून मळमळायला लागलं तर चढायचं नाही, वाढलं तर उतरायचं. वेळापत्रक गेलं खड्ड्यात. ओढे पहाटे ओलांडा, दुपारी वितळलेल्या पाण्याने फुगतात. ऊन लागून भुसभुशीत झालेल्या उतारावर तर जाऊच नका, बर्फाचा थर घसरतो. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा.

डोंगरमाथा
पथकाकडून नोंदीचा कोरा तक्ता आत्ताच मागवा. पाळीव शेळ्यांच्या कळपावर लांबून सराव करा, मग जवळ जाऊन पडताळा.