"आपण जाणार" हे मान्य केल्यावर काय बदललं? तुमचे अनुभव

मुक्ता_वाई
काल शेजारी काशीचं मावंदं झालं. निघताना प्रत्येकीला तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू दिला. हातात घेतला आणि आमची आजी आठवली. तिच्या ट्रंकेत असाच गडू, सोन्याचा एक मणी आणि शेवटचं नेसवायचं इरकली लुगडं असायचं. उन्हाळ्यात वाळवणाबरोबर त्या लुगड्यालाही ऊन दाखवायची. आई चिडायची, तर म्हणायची, "मी जाईन तेव्हा तुमची धावाधाव नको."

पाटल्या, पितळी डबे, पैठणी, सगळं तिने हयातीतच वाटून टाकलं. बांधावरून नणंदेशी बोलणं बंद होतं, तर स्वतः एस्टीने तिच्या गावी जाऊन चार दिवस राहून आली. तिच्याकडून कोणाला काही मिळायचं उरलं नव्हतं, तरी दुपारी सगळी नातवंडं तिच्याभोवतीच. मला वाटतं, म्हणूनच.

ज्यांच्या घरी मरणाबद्दल उघड बोललं गेलं, त्यांनी लिहा. काय सोडलंत, काय धरून ठेवलंत?

रानजाई
आजीचं वाचून भरून आलं गं. कुकर लावलाय, सवडीने लिहिते.

माळरान_सोलापूर
वडिलांचा फुफ्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी आम्हा भावांना बाहेर न नेता वडिलांनाच विचारलं, "दादा, तुम्हाला काय काय करायचं राहिलंय?" वडील म्हणाले, हुरडा खायचाय आणि धाकट्याचं भांडण मिटवायचंय. पुढची केमो नको म्हणाले. आम्ही ऐकलं.

पॅलिएटिव्ह केअरवाल्यांनी, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या डॉक्टरांच्या टीमने, मॉर्फिन सुरू केलं. अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर ते मिळणं सोपं झालं, पण लोकांना अजून वाटतं मॉर्फिन म्हणजे संपलंच. तसं नाही. दुखणं आटोक्यात आलं म्हणून तर माणूस बोलू शकला. रानात आगटी लावली, बाजेवर बसून मूठभर गुळभेंडी खाल्ली. धाकटा पुण्याहून आला होता. दोघं काय बोलले मला माहीत नाही, मी मुद्दाम विहिरीकडं गेलो. मालकी, वाटण्या, कोर्टाची तारीख, त्या महिन्यात कोणी नावच काढलं नाही.

अबोली२२
दादा, तुम्हा भावांना नमस्कार.

खवय्या_नगरी
गुळभेंडी! आमच्याकडे सुरती जास्त. सोबत शेंगदाण्याची चटणी की लसणाची?

माळरान_सोलापूर
दोन्ही. आणि दही. वडिलांना लसणाचीच लागायची.

देशमुख_काका
आमच्या घरात विषय काढला की "शुभ बोल नाऱ्या" म्हणून गप्प करायचे. वडील झटक्यात गेले. बँकेत नॉमिनी आई, तिला वाटलं झालं काम. नॉमिनी हा फक्त सांभाळणारा, मालकी वारसांची, हे तेव्हा कळलं. सख्खी भावंडं वारसा-दाखल्यापायी एकमेकांकडे संशयाने बघू लागली, हे दुःख पैशांपेक्षा मोठं होतं.

म्हणून आम्ही दोघांनी साठीच्या आत मृत्युपत्र केलं. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीदार करू नका, असं वकिलांनी बजावलं. मुलांना समोर बसवून विचारलं. लेकीने फ्लॅटबद्दल अवाक्षर काढलं नाही, आजोबांचा रेडिओ मागितला. मृत्युपत्राची वाट कशाला बघायची, त्याच दिवशी देऊन टाकला. आता रविवारी फोन आला की आधी रेडिओची खबर, मग बाकीचं.

रानजाई
रेडिओ चालतो का काका अजून?

देशमुख_काका
खरखरतो, पण सांगली केंद्र लागतं.

जर्सीकर_मीरा
मी वर्षाची रजा राखून ठेवायचे. कारण? आईबाबांचं काही झालं तर धावत जाता यावं म्हणून. परदेशात राहणाऱ्यांना हे कळेल, रात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो. एकदा आईच म्हणाली, "मी गेल्यावर येऊन कोणाला भेटणारेस? ती रजा आत्ता काढ." शब्द कडक होते, पण त्या फोननंतर आम्ही दोघी खूप मोकळ्या झालो. आता पौषात जाते, गर्दी नसते, लग्नं नसतात. काही करत नाही. भाजी निवडतो, तिच्या डोळ्यांत थेंब घालते, ती माझ्या केसांना तेल लावते. अंत्यदर्शनाला पोचेन न पोचेन, त्याची धास्ती बरीच गेलीये.

अबोली२२
मीरा, ऑफिसात बसून रडतेय. आजच आईला फोन करते.

शीव_मुंबई
लिव्हिंग विलबद्दल, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याबद्दल, कोणीच लिहिलं नाही? परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर भान हरपलेल्या अवस्थेत १९७३ पासून २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात होत्या, तिथल्या परिचारिकांनी त्यांना मायेने सांभाळलं. तो विषय घरात निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला नळ्या लावून ठेवू नका, पण तहान लागू देऊ नका." हे दुसरं वाक्य आम्हाला कधी सुचलं नसतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा लेखी इच्छेला मान्यता दिली, पण आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलं की पुरतं. सासूबाईंनी केलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात पेटीच्या क्लासला नाव घातलं. भूप शिकतायत. सारखं काय होईल माझं, हे विचारणं थांबलंय.

मुक्ता_वाई
"तहान लागू देऊ नका"... किती नेमकं बोलल्या. त्यांना माझा नमस्कार सांगा.

कोकणी_पाऊस
थोडं अवांतर. आईला देहदान करायचंय, भाऊ तयार नाही. कुठे चौकशी करू?

देशमुख_काका
जवळच्या मेडिकल कॉलेजचा शरीररचनाशास्त्र विभाग. फॉर्म तिथेच मिळतो. पण ऐनवेळी नातेवाईकांची संमती लागतेच, म्हणून आधी भावाशी बोला.

शीव_मुंबई
नेत्रदानही करता येतं, डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. आणि आईलाच बोलू द्या भावाशी, तुम्ही मध्ये पडू नका.

कोकणी_पाऊस
भाऊ गणपतीत येतोय, तेव्हा आईच विषय काढेल म्हणतेय. विसर्जन झाल्यावर कळवते.