पोस्टग्रेस: एफसिंक फसल्यावर थेट पॅनिक कशाला? तीनदा रीट्राय करणारा पॅच चालेल का?

उघडा_कर्सर

नमस्कार मंडळी. पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या १७ मधल्या चेकपॉइंटरमध्ये (मेमरीतले बदल ठराविक वेळाने डिस्कवर पोचवणारी प्रोसेस) एक छोटा बदल सुचवायचा आहे. पुढे पाठवण्याआधी इथल्या जाणकारांनी त्याची चिरफाड करावी, म्हणून टाकतोय.

परिस्थिती अशी: एकाच इन्स्टन्सवर बरेच डेटाबेस आहेत आणि एक टेबलस्पेस (टेबलांच्या फाइल्स ठेवायची जागा) सॅनवरच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या, वेगळ्या व्हॉल्यूमवर आहे. स्टोरेजचा पाथ बदलताना दोन-तीन सेकंद त्या व्हॉल्यूमवरून ईआयओ ('वाचणं-लिहिणं फसलं' ही एरर) येतो. नेमका त्याच वेळी चेकपॉइंटरने एफसिंक केला (फाइलमधलं सगळं डिस्कवर पोचवून दे, असं कर्नलला सांगितलं), की लॉगमध्ये पॅनिक (सर्व्हर पाडणारी एरर) आणि अख्खा इन्स्टन्स खाली. बाकीच्या डेटाबेसांनी काय पाप केलं?

सिंक.सी मधल्या प्रोसेस-सिंक-रिक्वेस्ट्स या फंक्शनमध्ये 'फेल्युअर्स' मोजणारा एक फॉर लूप आधीच आहे. म्हणजे रीट्रायची सोय तिथे आहेच. माझा बदल इतकाच: ईआयओ आला तर एक सेकंद थांबून पुन्हा एफसिंक, असं तीनदा, आणि तरीही फसलं तरच पॅनिक. वीसेक ओळींचं काम आहे. पोस्टग्रेसचं डेटा_सिंक_रीट्राय हे सेटिंग ऑन केलं तर हेच होतं, की त्यात आणखी काही आहे?

वॉल_वाचक

तुमच्या पॅचमध्ये दुसरा एफसिंक बहुतेक वेळा यशस्वी होईल, आणि घोळ तिथेच आहे.

पान डिस्कवर कसं जातं ते आधी बघा. शेअर्ड बफर्समधलं (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) ८ केबीचं पान राइट कॉलने कर्नलच्या पेज कॅशमध्ये जातं. तिथे ते डर्टी, म्हणजे डिस्कवर लिहायचं बाकी, म्हणून पडून राहतं. लिनक्सचा फ्लशर दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी डर्टी पानं स्वतःहून डिस्कवर ढकलतो (डर्टी_एक्सपायर_सेंटिसेक्सची डीफॉल्ट किंमत ३०००). आपला चेकपॉइंट डीफॉल्टने ५ मिनिटांनी येतो. म्हणजे बरीचशी पानं एफसिंक यायच्या आधीच परस्पर लिहून झालेली असतात, आणि लिहिताना चूक झाली तर ती ऐकायला त्या क्षणी कुठलीच प्रोसेस हजर नसते.

चूक झाल्यावर लिनक्स दोन गोष्टी करतं. फाइलवर 'एरर आली होती' अशी खूण ठेवतं आणि त्या पानाचा डर्टी बिट काढून टाकतं. पुढचा एफसिंक ती खूण एकदा वाचून ईआयओ देतो. त्यानंतरच्या एफसिंकला लिहायला डर्टी पानच सापडत नाही, म्हणून तो शून्य परत करतो. थोडक्यात, एफसिंक पुन्हा मारल्याने राइट पुन्हा होत नाही.

आता तुमचा पॅच चालवून बघा. पहिला एफसिंक ईआयओ, एक सेकंद विश्रांती, दुसरा शून्य. चेकपॉइंट पूर्ण. पीजी_कंट्रोल फाइलमध्ये नवा रीडू पॉइंटर (रिकव्हरी कुठून सुरू करायची ती जागा) लिहिला गेला आणि त्यामागच्या वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची आधी केलेली नोंद) रीसायकल झाल्या. त्या पानाची नवी प्रत फक्त वॉलमध्ये होती, तीही गेली. डिस्कवर उरलं जुनं पान, आणि त्याचा चेकसम अगदी बरोबर, कारण ते धडधाकटच आहे, फक्त शिळं आहे. पीजी_चेकसम्स तक्रार करणार नाही. नशिबाने इंडेक्स आणि हीप (टेबलचा मूळ डेटा) यांच्यात विसंगती पडली तर अॅमचेक या तपासणीच्या एक्स्टेन्शनला दिसेल, एवढंच.

पोस्टग्रेस पूर्वी नेमकं हेच करायचं: एरर देऊन चेकपॉइंट सोडायचं आणि पुढच्या चेकपॉइंटला पुन्हा एफसिंक. २०१८ मध्ये हे लक्षात आलं, आणि १४ फेब्रुवारी २०१९ च्या ११.२, १०.७, ९.६.१२, ९.५.१६ आणि ९.४.२१ या रिलीजमध्ये पॅनिक आलं. वॉल फाइलचा एफसिंक फसला तर पॅनिक त्याआधीपासूनच होतं. डेटा फाइल्सना तोच नियम उशिरा लागला. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनातही आज ईआयओ आला की सर्व्हर थांबतो.

पॅनिकने काय साधतं? क्रॅश रिकव्हरी शेवटच्या यशस्वी चेकपॉइंटच्या रीडू पॉइंटरपासून सुरू होते, वॉलमधून पानं नव्याने घडतात आणि त्यांचा राइट खरोखर पुन्हा होतो.

तुम्हाला दिसलेला लूप वेगळ्या कामाचा आहे. टेबल ड्रॉप झालेलं असतं, फाइल गेलेली असते, पण 'हिचा सिंक रद्द' हा निरोप चेकपॉइंटरच्या रांगेत अजून वाचायचा असतो. म्हणून ईएनओईएनटी ('फाइलच नाही' ही एरर) आला तर तो रांग रिकामी करतो आणि एकदाच पुन्हा बघतो. नोंद रद्द झाली असेल तर प्रश्न मिटला. ईआयओचा तिथे काही संबंध नाही.

बीएसडी_प्रेमी

मग डेटा_सिंक_रीट्राय ठेवलंय कशाला, हा पुढचा प्रश्न येणारच. फ्रीबीएसडीवर राइट फसला तरी पान डर्टीच राहतं, म्हणून तिथे एफसिंक पुन्हा मारण्याला अर्थ आहे. सेटिंग अशा सिस्टिमसाठी आहे. डीफॉल्ट ऑफ, आणि बदललं तर सर्व्हर रीस्टार्ट लागतो. लिनक्सवर ऑन करू नका, विषय संपला.

विरोधी_बाक

विषय इतक्यात संपत नाही. पॅनिक म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं. एका टेबलस्पेसच्या एका फाइलपायी सगळी कनेक्शन्स तोडायची आणि मॅक्स_वॉल_साइझ (दोन चेकपॉइंटमध्ये साठणाऱ्या वॉलची मर्यादा) मोठी ठेवली असेल तर लांबलचक रिकव्हरी भोगायची. शिवाय पॅनिकचा अतिरेक झाल्याचं प्रोजेक्टनेच मान्य केलंय: एफसिंकचा ईआयएनव्हीएएल आणि सिंक_फाइल_रेंजचा ईएनओएसवायएस, म्हणजे 'ही सोय इथे नाही' एवढ्याच अर्थाच्या एररवरही ११.२ कोसळायचं. ११.३ मध्ये ते सैल करावं लागलं.

मला तीन पर्याय दिसतात. एक, फसलेल्या फाइलचे सगळे बफर पुन्हा डर्टी करा आणि लिहा. दोन, फक्त तो टेबलस्पेस ऑफलाइन करा. तीन, बॅकएंडने (कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस) उघडलेला फाइल डिस्क्रिप्टरच (उघड्या फाइलचा हँडल) चेकपॉइंटरला द्या, म्हणजे एरर हरवणार नाही. यांपैकी काहीच का चालू नये?

वॉल_वाचक

पहिला पर्याय ऐकायला गोड आहे. पण ते पान शेअर्ड बफर्समध्ये असेलच याची खात्री कोण देणार? बॅकएंडला जागा लागली की तो डर्टी पान राइट करून बफर दुसऱ्याला देतो. राइटने 'झालं' म्हटलेलं असतं, त्यामुळे पोस्टग्रेसच्या लेखी ते पान पोचलं. पाच मिनिटांनी एफसिंक फसतो तेव्हा आपल्याकडे प्रत नसते. कर्नलकडून परत वाचावं तर तिथे काय मिळेल ते फाइलसिस्टिमवर अवलंबून: ईएक्सटी४ नवा मजकूर कॅशमध्ये ठेवतं, एक्सएफएस जुन्या कर्नलमध्ये तो टाकून देत होतं. शिवाय एफसिंक फक्त 'फाइलमध्ये कुठेतरी गडबड' इतकंच सांगतो. टेबलच्या फाइलचा एक तुकडा, म्हणजे सेगमेंट, १ जीबीचा, म्हणजे १,३१,०७२ पानं. त्यातलं कुठलं गेलं ते कळत नाही.

दुसऱ्यासाठी एकाच टेबलस्पेसचा वॉल बाकीचा सर्व्हर चालू असताना लावता यायला हवा. रीडू तसा लिहिलेलाच नाही, वॉल सबंध क्लस्टरचा एक आहे आणि चेकपॉइंटही एकच. विसेक ओळींच्या पॅचने सुरू झालेलं काम तिथे दोन-तीन रिलीज खाईल.

तिसऱ्यावर पॅचेस लिहिले गेले होते, ते कोडमध्ये आले नाहीत. पण मुद्दा खरा आहे. लिनक्स ४.१३ च्या आधी एररची खूण पहिला विचारणारा खाऊन टाकायचा. मधल्या वेळेत कुणी सिंक कमांड मारली तरी ती गेली. ४.१३ पासून प्रत्येक डिस्क्रिप्टरला स्वतंत्र कळतं, पण मेमरीची ओढाताण होऊन इनोडच (कर्नलकडची फाइलची नोंद) कॅशमधून बाहेर पडला तर खूणही जाते. ही फट आजही आहे आणि पॅनिकने ती बुजत नाही. पण हा पर्याय एरर नक्की *दिसावी* यासाठी आहे. दिसल्यावर करायचं काय, तर पुन्हा पॅनिकच.

खरा इलाज डायरेक्ट आयओ, म्हणजे पेज कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिणं. मग एरर राइटलाच मिळते, बफर आपल्याकडे डर्टीच राहतो आणि रीट्राय म्हणजे खरोखर रीट्राय होतो. १६ मध्ये डीबग_आयओ_डायरेक्ट आलं, पण नावातच डीबग आहे, प्रॉडक्शनवर नको. १८ मधला असिंक्रोनस आयओ अजून वाचण्यापुरता आहे.

फुल_पेज

एक बारकावा राहिला. पॅनिकनंतर मशीन रीबूट होत नाही, फक्त पोस्टग्रेस पुन्हा उठतं. पेज कॅशमध्ये ते 'क्लीन' पण डिस्कवर न पोचलेलं पान तसंच बसलेलं असतं. रिकव्हरीने ते वाचलं तर त्याचा एलएसएन (पानावरच्या शेवटच्या बदलाची वॉलमधली जागा) वॉल रेकॉर्डइतकाच किंवा पुढचा दिसेल, 'हा बदल आधीच झालाय' म्हणून रीडू पुढे सरकेल आणि पान पुन्हा डर्टी होणारच नाही. पॅनिक फुकट.

यातून वाचवतं ते फुल_पेज_राइट्स. चेकपॉइंटनंतर पानावर होणाऱ्या पहिल्या बदलाबरोबर वॉलमध्ये पानाची पूर्ण प्रतिमा जाते. रीडू ती प्रतिमा डिस्कवरचं पान न वाचता, एलएसएन न बघता सरळ बसवतो आणि बफर डर्टी करतो. म्हणून ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसवर 'वेग वाढतो' म्हणून ते ऑफ करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ऑफ असेलच तर रीस्टार्ट_आफ्टर_क्रॅश (क्रॅशनंतर आपोआप उठणं) पण ऑफ ठेवा आणि पॅनिकनंतर व्हॉल्यूम अनमाउंट करून पुन्हा माउंट केल्याशिवाय सर्व्हर उठवू नका. झेडएफएसवर फुल_पेज_राइट्स ऑफ ठेवणारे बरेच असतात, पण तिथलं गणित वेगळं: फेलमोड हे सेटिंग डीफॉल्टने 'वेट' असतं, पूलवर (झेडएफएसच्या डिस्कांचा संच) लिहिता आलं नाही की तो एरर न देता थांबून राहतो.

उघडा_कर्सर

कळलं. हे माझ्या टेस्ट मशीनवर डोळ्यांनी बघायचं तर? आणि आमच्या एक्स्टेन्शनची स्वतःची एक स्टेट फाइल आहे, तिच्या एफसिंकलाही पॅनिकच द्यायचं का?

लूप_डिव्हाइस

टेस्ट अशी. २ जीबीची रिकामी फाइल, त्यावर लॉसेटअपने लूप डिव्हाइस (फाइलच डिस्क म्हणून दिसते), त्यावर डीएमसेटअपने साधं लिनिअर मॅपिंग (सेक्टर जसेच्या तसे पुढे पाठवणारं). ईएक्सटी४ करून माउंट करा, तिथे पोस्टग्रेस यूजरच्या मालकीची डिरेक्टरी आणि तिच्यावर टेबलस्पेस. एका ओळीचं टेबल करा, त्याचं ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवा, चेकपॉइंट मारा. पीजी_रिलेशन_फाइलपाथने फाइल शोधा आणि फाइलफ्रॅगच्या व्हर्बोज आउटपुटमधला फिजिकल ऑफसेट घ्या. तो ४ केबीच्या ब्लॉकमध्ये असतो, डीएमसेटअपला ५१२ बाइटचे सेक्टर लागतात, म्हणून ८ ने गुणा. टेबलचं एक पान म्हणजे १६ सेक्टर.

आता सस्पेंड करा, तीन तुकड्यांचं टेबल लोड करा (लिनिअर, मग १६ सेक्टर 'एरर' टार्गेट, मग पुन्हा लिनिअर) आणि रीझ्यूम करा. पूर्ण डिव्हाइस एररवर टाकू नका. मग ईएक्सटी४ चं जर्नलच कोसळतं, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते आणि तुम्ही भलतीच गोष्ट तपासत बसता.

डीफॉल्ट सेटिंगवर: अपडेट, चेकपॉइंट, आणि पॅनिक दिसेल. रीस्टार्ट_आफ्टर_क्रॅश आधीच ऑफ ठेवा, नाहीतर रिकव्हरीच्या शेवटचा चेकपॉइंट त्याच सेक्टरवर आपटतो. मॅपिंग पूर्ववत करून सर्व्हर उठवा. नवी किंमत जागेवर असते.

डेटा_सिंक_रीट्राय ऑन करून: मॅपिंग पुन्हा बिघडवा, अपडेट, पहिला चेकपॉइंट एरर, दुसरा बिनतक्रार यशस्वी. मॅपिंग नीट करा, सर्व्हर फास्ट मोडमध्ये बंद करा, रूट म्हणून ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा, सर्व्हर सुरू करा, सिलेक्ट करा. जुनी किंमत परत.

यात एक सापळा आहे. अपडेट केल्यावर मध्येच 'बघू तरी' म्हणून सिलेक्ट मारू नका. सिलेक्ट हिंट बिट (ट्रान्झॅक्शन कमिट झाल्याची पानातली खूण) लावतो, त्याने पान पुन्हा डर्टी होतं, बंद होतानाच्या चेकपॉइंटला ते चांगल्या डिस्कवर लिहिलं जातं आणि टेस्ट 'पास' झाल्यासारखी दिसते.

वॉल_वाचक

एक्स्टेन्शनचं: एफसिंक फसल्यावर त्याच फाइलला पुढे कधीतरी पुन्हा एफसिंक मारून 'झालं' म्हणणार असाल, तर लेव्हल डेटा_सिंक_ईलेव्हल या फंक्शनमधूनच घ्या. त्याऐवजी दर वेळी मेमरीतून नवी टेम्पररी फाइल लिहून ड्युरेबल_रीनेमने जागी बसवत असाल, तर साधा एरर पुरतो. पुढच्या वेळी सगळा मजकूर नव्याने लिहिला जातो आणि जुनी फाइल तोवर शाबूत असते. लहान स्टेट फाइलला दुसरी पद्धतच बरी.

पाथ_चेकर

आणि मूळ दुखण्यावर कुणीच बोललं नाही. दोन-तीन सेकंदांच्या पाथ बदलात ईआयओ पोस्टग्रेसपर्यंत पोचताच कामा नये. मल्टिपाथ.कॉन्फमध्ये (एकाच व्हॉल्यूमचे अनेक पाथ सांभाळणाऱ्या मल्टिपाथची सेटिंग फाइल) नो_पाथ_रीट्राय बघा. 'फेल' असेल तर सगळे पाथ गेल्याक्षणी एरर वर जाते. पोलिंग_इंटरव्हल (पाथ किती वेळाने तपासायचे) ५ सेकंद असेल आणि नो_पाथ_रीट्राय १२ दिलं, तर सुमारे एक मिनिट आयओ रांगेत थांबतो. तेवढा वेळ प्रोसेसेस डी स्टेटमध्ये (आयओची वाट बघत) अडकतील, क्वेरी खोळंबतील, पण एरर येणार नाही. 'क्यू' दिलं तर अनंतकाळ थांबतो. फेलओव्हर करणारा क्लस्टर मॅनेजर असेल तर तसं नको, कारण डी स्टेटमधली प्रोसेस किल नऊनेही मरत नाही. तुमच्या मॅनेजरच्या टाइमआउटपेक्षा थोडा कमी आकडा ठेवा. एनएफएस असेल तर माउंट 'हार्ड'च हवा. 'सॉफ्ट'वर टाइमआउट झाला की पुन्हा हाच ईआयओ.