वीकली ऑफ आणि गाणं : पत्रकारांनो, आपापले अनुभव लिहा

परवा ६ जानेवारीला पत्रकार दिनाचे मेसेज आले, बाळशास्त्रींचा तोच फोटो, १८३२, दर्पण वगैरे, आणि मी ते वाचत होते महापालिकेतल्या बाकड्यावर बसून, एका साहेबांची वाट बघत जे त्या दिवशी आलेच नाहीत. तेव्हा डोक्यात आलं की आपण लोकांच्या मैफली, जत्रा, लाँग वीकेंड सगळं छापतो, पण आपण स्वतः जातो कधी? म्हणून हा धागा. सुट्टी काढून (किंवा ढापून) कुठे गेलात, काय ऐकलंत ते लिहा. अट एकच, ज्याची कॉपी (म्हणजे बातमी) द्यावी लागली ते गाणं धरायचं नाही.

माझ्यापासून सुरुवात करते. सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव, मी तीन वर्षं ड्युटी म्हणून केला. आता मुकुंदनगरला असतो, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. पासवर पुढे बसायला मिळतं म्हणून सगळे जळतात, पण शहर आवृत्तीला साडेनऊच्या आत कॉपी हवी आणि शेवटचा कलाकार तेव्हा कुठे विलंबितातून (संथ लयीतून) बाहेर येत असतो! मग मी मांडवाच्या मागे वड्याच्या स्टॉलपाशी उभी राहून मोबाईलवर टाइप करणार की 'रसिक मंत्रमुग्ध झाले'. अजून पाऊण तास ते व्हायचे असतात. बंदिशीचे बोल शेजारच्या आजींना विचारायचे, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावं चुकली तर सकाळी फोन ठरलेला.

चौथ्या वर्षी मी स्वतःच्या पैशांनी भारतीय बैठकीचं सीझन तिकीट काढलं आणि डायरी घरी ठेवली. पहिला दिवस वाईट गेला, खरं सांगते. हात शिवशिवत होते, प्रत्येक सम (तालाची पहिली मात्रा) आली की मनात हेडिंग. शेजारी एक काका थर्मास घेऊन, ते महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा तेव्हापासूनचे. भीमसेनजींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला हे आपण दरवर्षी बॉक्समध्ये टाकतो, पण काका सांगत होते ते वेगळंच, रात्रभर बसायचं, पहाटेच्या थंडीत शाल डोक्यावरून घ्यायची आणि उजाडताना भैरव ऐकून थेट ऑफिसला. आता लाउडस्पीकरच्या नियमामुळे दहाला माइक बंद. 'दरबारी आम्ही दरबारीच्या वेळेला ऐकलाय' (उशिरा रात्रीचा राग तो) असं म्हणून त्यांनी मला चहा दिला, अर्धं झाकण.

रात्रपाळी_सांगली

मी डेस्कवर. डाक आवृत्तीचं (बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं) पान सोडून मग शहरचं, घरी येईपर्यंत दोन वाजतात, त्यामुळे रात्रीचं जागरण म्हणजे मला रोजचंच, त्यात गाणं तेवढं नसतं. आमची हक्काची सुट्टी म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपर नसतो ती. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळीत एखादी.

मिरज आमच्यापासून दहा किलोमीटर, तरी पहिल्यांदा गेलो ते पुरवणीच्या स्टोरीसाठी. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा. सतारमेकर गल्लीत एक कारागीर जवारी काढत होते. म्हणजे घोडीचा माथा कानसेनं अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, परत घासायचं. मी दर पाच मिनिटांनी 'झालं का' विचारायचो. शेवटी ते म्हणाले, साहेब तुम्हाला घाई असेल तर फोटो काढून जावा. गेलो. सहाशे शब्द दिले, लागली स्टोरी.

मग पुढच्या १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर कुणाला न सांगता परत गेलो. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते टांगून ठेवलेले, खाली लाकडाचा भुसा. तीन तास बसलो. एक क्षण असा येतो की तार नुसती वाजत नाही, भुणभुणत राहते, तुम्ही बोट काढलं तरी. ते कानावर पडल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त. ह्याला मैफल म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं गाणं होतं तिथंही जातो आता, पण मला ती भुणभुण जास्त आठवते.

मंगळवारवाली

डिजिटल डेस्क, मुंबई. माझा ऑफ मंगळवार, ज्या दिवशी जगात काहीच होत नाही. कुठलीही मैत्रीण फ्री नसते, नाटक नसतं, लग्नसुद्धा नसतं. पण कोल्डप्ले, तो ब्रिटिश बँड! सप्टेंबर २०२४ ला तिकिटं निघाली तेव्हा पहिले दोन दिवस शनिवार-रविवार, माझी आशाच नव्हती, आणि मग त्यांनी तिसरा शो जाहीर केला, २१ जानेवारी २०२५. मंगळवार!! मी ऑफिसात अक्षरशः ओरडले. रांगेचा नंबर लाखात होता, तरी चुलतभावाला लागलं.

शो नेरुळच्या डी. वाय. पाटीलला. हातात ते पट्टे देतात ना, गाण्याबरोबर रंग बदलणारे, सगळं स्टेडियम एकदम पिवळं झालं आणि मला रडायला आलं. तेवढ्यात व्हॉट्सॲप. 'तू तिथेच आहेस ना? दोन ओळी आणि एक व्हिडिओ टाक ना प्लीज.' मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला. दुसऱ्या दिवशी सांगितलं नेटवर्क नव्हतं. (खरंच नव्हतं, फार कुणाचंच लागत नव्हतं, पण मी ट्रायच केलं नाही.) परतीच्या हार्बर लोकलमध्ये गर्दीत उभं राहून अख्खा डबा गात होता.

तालुका_वार्ताहर

तुमी लोक पासवाले. आमाला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन, तरी पण गाण्याच्या बाबतीत तुमच्यापेक्षा श्रीमंत, नारायणगाव जवळ आहे. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या (तंबू) लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी (कार्यक्रमाचं बुकिंग) द्यायला येतात, तारीख आणि रक्कम ठरवताना अशी घासाघीस की आपल्या बाजार समितीनं शिकावी. मी दरवर्षी त्याची बातमी देतो, एक फोटो, चार ओळी.

पण मामाच्या गावच्या यात्रेला गेलो की वार्ताहर नसतो. ढोलकी आणि हलगीचा सामना सुरू झाला की म्हातारीकोतारी पण उठून पुढं सरकतात. गण, गवळण झाली, बतावणीत (विनोदी संवादात) सोंगाड्यानं सरपंचाची अशी उडवली की आमच्या पेपरात छापायची हिंमत नाही. संपादक विचारतात गावात काय चर्चा आहे, मी म्हणतो बतावणी ऐका.

बूम_माइक

टीव्ही चॅनेल. चार वर्षांत एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला नाही. बाईट घेतला की निघायचं, ओबी (लाइव्हची गाडी) पुढच्या स्पॉटला. सध्या एवढंच. वाचतोय.

आझाद_हिंद

धागाकर्तीच्या काकांसाठी लिहितो. रात्रीचं गाणं रात्री ऐकायचं असेल तर कोलकात्याला जा म्हणावं. डोव्हर लेन संगीत संमेलन, जानेवारीचा चौथा आठवडा, नझरुल मंचात. बंदिस्त सभागृहाला दहाची अट लागू नाही, त्यामुळे अजूनही रात्रभर चालतं. माझं गणित असं की २६ ला ऑफिस बंद, म्हणजे शेवटची रात्र पदरात पडते, त्याच्या आधीमागे तीन-चार रजा चिकटवायच्या. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस, दीड दिवस, ती कधी वेळेवर पोचली असेल तर माझा अनुभव नाही.

तीन वाजता लोक मफलर गुंडाळून खुर्चीतच पेंगतात आणि तान आली की डोळे न उघडता 'आहा' म्हणतात. मी पण झोपलो, लाज नाही. जाग आली तेव्हा सतारीवर ललित (पहाटेचा राग) चालू होता आणि घड्याळात सव्वापाच, दोन्हीचा मेळ बसलेला. बाहेर आलो तर सरोवरावर धुकं, हातात कुल्हड, आणि खिशात फोन थरथरतोय, डेस्क विचारतंय कोलकात्यात आहेस तर तिथल्या राजकारणावर काही देतोस का.

धागाकर्ती

@आझाद_हिंद, दिलंत का मग?

आझाद_हिंद

पाचशे शब्द. ट्रेनमध्ये. नागपूरच्या अलीकडे रेंज आली तेव्हा गेले.