ऑफिसला सायकलने जाऊन २०० किमी बीआरएमची तयारी होते का?

पौडफाटा : फेब्रुवारीत २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करायची आहे. वेगळा सराव जमत नाही, म्हणून पुण्यात कोथरूड ते हिंजवडी ऑफिसला सायकलनेच जातो. एका बाजूला साधारण १७ किमी, आठवड्यातले चार दिवस. हायब्रिड सायकल, ३२ मिमी रुंदीचे टायर, मागे ८ गिअर. महिना झाला, सरासरी वेग आहे तिथेच आणि गुरुवारपर्यंत पाय जड होतात. सकाळी टायरही नरम लागतात. लॅपटॉप पाठीवर. काय चुकतंय?

चढउतार : चारही दिवस एकाच जोराने मारताय, हे चुकतंय. धड हलकं नाही, धड कठीण नाही. पाय थकतात, पण सुधारणा होईल एवढा ताण एकदाही पडत नाही.

मंगळवार आणि गुरुवारची सकाळ कठीण ठेवा, बाकी सगळ्या फेऱ्या अशा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात. स्कूटरवाले काका पुढे गेले तर जाऊ द्या. कठीण दिवसासाठी कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे जाणारा चढ आयता आहे. चार मिनिटं अशा जोराने, की तीन-चार शब्दांपलीकडे बोलवणार नाही. मग तेवढाच वेळ अगदी सावकाश. असं चार वेळा. अडचण एवढीच, की कोथरूडहून हा चढ घर सोडल्याबरोबर येतो आणि थंडीत गार गुडघ्यांनी जड गिअर ओढला की गुडघ्याची वाटी कुरकुरते. म्हणून आधी पंधरा मिनिटं सपाटीला उलट्या दिशेने फिरून या, हलका गिअर, पेडलचे मिनिटाला ८५-९० फेरे.

सरासरी वेग बघणं सोडा, तो सिग्नल ठरवतात. त्याच चढाला त्याच गिअरमध्ये किती वेळ लागतो, ते दर पंधरा दिवसांनी लिहा.

आणि एवढ्याने बीआरएम होणार नाही. २०० ला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ च्याही किंचित खाली. वेग कुणालाही जमेल. सहा-सात तासांनंतर बूड, तळहात आणि पोट दगा देतात, आणि ४५-५० मिनिटांच्या फेरीत त्यांची परीक्षाच होत नाही. रविवारी ७० किमी, मग ९०, ११० असं वाढवत बीआरएमच्या तीन आठवडे आधी एकदा १४०-१५०. दर चौथा आठवडा निम्म्यावर.

तेलपाणी : टायरचं सांगतो. दुपारी ३० अंशांत ६० पीएसआय भरलेली हवा पहाटे १० अंशांत ५५ च्या आसपास दाखवते. शिवाय ट्यूब रोज थोडी झिरपतेच. हवा सकाळीच भरा, आठवड्यातून दोनदा, गेज असलेल्या पंपाने. ७० किलोच्या माणसाला ३२ च्या टायरमध्ये मागे ६०, पुढे ५५ पुरे.

रोज सकाळी एकच टायर बसत असेल तर ते थंडीमुळे नव्हे. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. तार आत रुतते, हवा हळूहळू जाते, नवी ट्यूब टाकली तरी दुसऱ्या दिवशी तेच. बोटाला ती लागत नाही. टायरच्या आतून सुती फडकं फिरवा, धागा अडकेल तिथे तार. चिमट्याने बाहेरून ओढा. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर मात्र हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली.

हिवाळ्यात आपल्याकडे धूळ. पावसाळ्यातलं घट्ट तेल तिला धरून चेनवर काळी पेस्ट करतं. कोरडं किंवा मेणाचं वंगण, थेंब थेंब आणि रात्री. डिस्क ब्रेक असतील तर स्प्रे अजिबात नको, उडालेला एक शिंतोडा पॅडला लागला की ब्रेक किंचाळतात. चेनच्या २४ कड्या पट्टीने मोजा, पिनेपासून पिनेपर्यंत. नवी असताना ३०५ मिमी भरतात, ३०७ झाल्या की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं) जाईल.

शेकोटी : पाठीवरचा लॅपटॉप उतरवा, कॅरियरला पॅनिअर, म्हणजे बाजूला लटकणारी बॅग लावा. टाच बॅगेला घासत असेल तर बॅग मागे सरकवून लावा. मागचा दिवा पॅनिअरने झाकला जात नाही ना, ते दहा पावलं मागे जाऊन बघा. डिसेंबरअखेर सात वाजेपर्यंत सूर्य नसतो आणि संध्याकाळी सहाला मावळतो, म्हणजे दोन्ही फेऱ्यांना दिवा लागणार. पुढे ३००-४०० लुमेन, झोत आठ-दहा मीटरवर पडेल असा खाली वळवलेला.

स्वेटर नको. चढावर घामाने भिजतो आणि बावधनच्या उतारावर गारठवतो. पातळ टी-शर्ट आणि विंडचीटर, चढाला विंडचीटरची चेन उघडी. निघताना जरा कुडकुडायला झालंच पाहिजे. उतारापुरतं छातीशी वर्तमानपत्र घातलं तरी वारा अडतो, घडी करून परत बॅगेत.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. रविवारी तासाला ४०-६० ग्रॅम कर्बोदकं, एका केळ्यात साधारण २५ मिळतात. चिक्की चांगली, पण चालत्या सायकलवर चावताना ठसका लागतो, ती थांब्यावर.

पौडफाटा : आभार. सकाळी धूर फार असतो. एन९५ लावून चढ मारू का?

चढउतार : जोराच्या वेळी नको. घामाने ओला झाला की श्वास ओढायलाच कष्ट पडतात. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि धूर तिच्यात अडकून राहतो, ऊन चढल्याशिवाय विरत नाही. डोळे चुरचुरतात त्या दिवशी कठीण सत्र शुक्रवारवर ढकला. चौकातून पुढे हायवे न धरता एनडीए-पाषाण रस्त्याने जा, ट्रकचा धूर तरी टळेल आणि तेलपाणींच्या त्या ताराही.